शेवटचा दात जाड येतो: डिव्हायडिंग हेडवरची चूक कशी शोधायची

डिव्हायडिंग हेड म्हणजे मिलिंगवर जॉब समान भागांत फिरवायचं साधन. त्याच्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. गिअर कापत आणला, दात व्यवस्थित दिसत होते, आणि शेवटाला पोचलो तर एक दात दुप्पट जाड, नाहीतर अर्धा खाल्लेला. मग पहिला संशय प्लेटवर, म्हणजे हँडलची पिन ज्या भोकांत बसते त्या चकतीवर. "सेकंडहँड आणली होती, भोकंच चुकीची असतील." साकीनाक्यापासून वसईपर्यंत कुठल्याही गाळ्यात जा, शिव्या प्लेटलाच पडतात. माझ्या मते प्लेट ही यादीतली शेवटची आरोपी. त्याचा हिशेब पुढे देतो. आधी जॉबवर चूक कशी पसरली आहे ते बघा. सगळी एका जागी गोळा झाली आहे, गोलभर वर-खाली होत गेली आहे, की मधेच एका दातावर बसली आहे? यावरूनच ती कुठून आली ते कळतं.

उदाहरणाला २ मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) २७ दातांचा गिअर घेऊ. ब्लँकचा, म्हणजे दात कापायच्या आधीच्या गोल तुकड्याचा, बाहेरचा व्यास ५८ मिमी, पीसीडी (दातांची जाडी ज्या वर्तुळावर धरतात त्याचा व्यास) ५४. हेड नेहमीचं, ४० ला १ चं, म्हणजे हँडलचे ४० फेरे मारले की स्पिंडलचा एक फेरा. एका दाताला ४० भागिले २७, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि २७ भोकांच्या वर्तुळात १३ भोकं. ब्राउन अँड शार्प पद्धतीच्या तीन प्लेटपैकी दुसऱ्या प्लेटवर (२१, २३, २७, २९, ३१, ३३) हे वर्तुळ मिळतं. इथपर्यंत गणितात कोणी चुकत नाही.

चूक होते ती सेक्टर आर्म, म्हणजे भोकं मोजायला प्लेटवर बसवलेल्या दोन पट्ट्या, लावताना. १३ भोकं पुढे जायचं म्हणजे पिन ज्या भोकात आहे ते मोजायचं नाही. दादरला स्लो लोकलमध्ये चढून तिसऱ्या स्टेशनावर उतरायचं असेल तर माटुंगा, शीव, कुर्ला असं मोजतो, दादर धरत नाही, तसंच. म्हणजे दोन आर्मच्या मध्ये पिनचं भोक धरून एकूण १४ भोकं दिसली पाहिजेत. ज्याने १३ भोकं आर्ममध्ये पकडली, तो प्रत्येक वेळी १२ भोकंच पुढे जातो.

आता याचा परिणाम बघा. एक भोक म्हणजे हँडलचा सत्ताविसावा हिस्सा. २७ दातांत सत्तावीस वेळा तो कमी पडला, म्हणजे बरोबर एक फेरा कमी, म्हणजे जॉबवर ९ अंश. प्रत्येक दात १३.३३ अंशांऐवजी १३ अंशांवर आला. पीसीडीवर हा फरक जेमतेम ०.१६ मिमी, तो डोळ्यांना दिसत नाही. शेवटच्या दाताशी मात्र सगळी थकबाकी एकदम वसूल होते: जो दात ३.१४ मिमी हवा तो सात मिमीच्या वर जातो. उलट चूक झाली, पिनचं भोक सोडून पुढची १४ आर्ममध्ये घेतली, तर एकूण ४१ फेरे होतात आणि शेवटच्या दातासाठी जागाच उरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या खाचेत जेमतेम २.२ मिमी अंतर, आणि खाच स्वतःच ३ मिमीहून रुंद. कटर तो दात खाऊनच टाकतो.

म्हणून शेवटच्या दाताची चूक अंशांत मोजा. दात × (१ भागिले वर्तुळातली भोकं) इतके फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याचे ९ अंश. ३६ दात २७ च्या वर्तुळात ३ भोकांनी (एक फेरा आणि ३ भोकं) कापत असाल आणि दर वेळी एक भोक चुकलं, तर १२ अंशांचा फरक. तेच १८ च्या वर्तुळात कापलं तर १८ अंश. मोजलेली चूक या हिशेबाशी जुळली की सेक्टर आर्म पुन्हा लावा आणि प्लेटला मोकळं करा.

जुळली नाही, तर पुढे वाचा.

पूर्ण खोलीचा कट घ्यायच्या आधी एक फेरी नुसत्या रेघांची मारायची. कटर ब्लँकला जेमतेम टेकवायचा, केसाएवढी रेघ उमटली की पुरे. सत्तावीस रेघा झाल्यावर आणखी एकदा इंडेक्स करायचं, म्हणजे जॉब एक दात पुढे फिरवायचा. कटर पहिल्या रेघेवर पडला पाहिजे. सुरुवात करताना पिन ज्या भोकात होती त्याच्याशेजारी मार्कर किंवा खडूची खूण, आणि प्लेटच्या कडेवरून हेडच्या बॉडीवर जाणारी दुसरी एक रेघ. या दोन खुणांसाठी मिनिटही लागत नाही, आणि निम्मं निदान त्यांच्यावरच होतं.

पिन परत सुरुवातीच्याच भोकात आली, पण रेघ जुळली नाही आणि फरक मोठा आहे: मोजणी किंवा गुणोत्तर चुकलं आहे. इथे एक फसवं आहे. प्रत्येक वेळी १२ भोकं गेलात तरी सत्तावीस वेळांनी पिन सुरुवातीच्याच भोकात येते, कारण २७ गुणिले १२ हे २७ च्या पटीतच आहे. म्हणून "पिन बरोबर आली, मग जॉब बरोबर" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, रेघ बघा.

पिन दुसऱ्याच भोकात आली: मधे एकदा कोणीतरी चुकलं. बहुधा चहावाला आला तेव्हा किंवा फोन वाजला तेव्हा. एक दात इंडेक्स करून आर्म पुढे सरकवायचा राहिला, किंवा हाताच्या धक्क्याने आर्म हलला. २७ च्या वर्तुळात एक भोक म्हणजे जॉबवर २० मिनिटं कोन. १०० मिमी व्यासावर ते ०.२९ मिमी होतं, आपल्या ५४ च्या पीसीडीवर ०.१६. आर्मचा स्क्रू ढिला असेल तर हे वारंवार होतं, आणि आर्मच्या मागची पातळ स्प्रिंग मेली असेल तर ते आपोआप घसरतात. स्प्रिंग थोडी वाकवून परत बसवा. हात उचलायच्या आधी आर्म पिनला टेकवायचे हा नियम हेल्परला पहिल्याच दिवशी लावून द्या. कुर्ला किंवा मुलुंडच्या आयटीआयमधून आलेल्या पोरांना ४० भागिले एन (एन म्हणजे दातांची संख्या) पाठ असतं, हा हाताचा क्रम गाळ्यातच शिकवावा लागतो.

पिन बरोबर, पण रेघ किंचित बाजूला: काहीतरी घसरलं. आधी प्लेटवरून बॉडीवर गेलेली खडूची रेघ बघा. ती तुटली असेल तर प्लेट फिरली आहे. साध्या इंडेक्सिंगमध्ये प्लेट मागच्या लॉक-पिनने बांधलेली असायला हवी. आधीच्या जॉबला डिफरन्शियल (गिअर लावून प्लेटही फिरवायची पद्धत) लावलं असेल तर ती पिन काढून ठेवलेली असते आणि परत घालायची राहते. खडूची रेघ अखंड असेल तर जॉब मँड्रेलवर (ज्या दांड्यावर तो बसवतात त्यावर) घसरतोय, किंवा डॉगची (मँड्रेलला धरणाऱ्या क्लँपची) शेपटी फोर्कमध्ये हलतेय. फोर्कच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू शेपटीवर आवळलेले हवेत. शेपटी नुसती खाचेत टेकलेली असली तर कटरच्या जोराने जॉब दर दाताला कणभर मागे-पुढे होतो.

आता बॅकलॅश. वर्म (हँडलने फिरणारा स्क्रू) आणि वर्म व्हील (स्पिंडलवरचं चाक) यांच्यामध्ये थोडी ढिल असतेच, आणि जुन्या हेडमध्ये जास्त. ढिल असण्याने चूक होत नाही, दोन्ही दिशांनी भोकावर येण्याने होते. भोक ओलांडून पुढे गेलात तर पिन नुसती मागे आणून भोकात टाकू नका. अर्धा फेरा मागे जा आणि परत पुढून या. असं एकदाच चुकलं तर तो एकटा दात एका बाजूने बारीक आणि शेजारचा तेवढाच जाड निघतो. बाकी गिअर चांगला. एकट्या दातावर अशी जोडीने चूक दिसली तर ती जवळजवळ नक्की याचीच.

हँडल हाताने हलवून पाहिलं आणि स्पिंडल न हलता हँडलच बरंच फिरलं, तर वर्मच्या एक्सेंट्रिक स्लीव्हकडे लक्ष द्या. बऱ्याच हेडवर डायरेक्ट इंडेक्सिंगसाठी (स्पिंडल सरळ हाताने फिरवायला) वर्म याच स्लीव्हने सोडवतात. चौकोन किंवा षटकोन करायचा असला की पुढच्या २४ भोकांच्या प्लेटवर करतात (२, ३, ४, ६, ८, १२ आणि २४ भाग तिथेच होतात), आणि नंतर वर्म परत जोडताना अर्धवट जोडतात. मग ढिल वाढली म्हणून हेड विकायला काढतात. स्लीव्ह परत पूर्ण बसवा, पण इतकीही नको की हँडल एका जागी जड आणि दुसऱ्या जागी हलकं जाईल. तसं जात असेल तर वर्म व्हील एका भागात झिजलं आहे.

स्पिंडल लॉकबद्दल दोन गोष्टी. कट घेताना लॉक, इंडेक्स करताना मोकळं, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांच्या लक्षात येतं ते हे, की जुन्या हेडवर लॉक आवळताना स्पिंडल कणभर फिरतं. डायल लावून पाहिलं तर काटा हललेला दिसतो आणि लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही: प्रत्येक दाताला लॉक तेवढंच आवळलं तर प्रत्येक दात तेवढाच सरकतो, आणि दातांमधलं अंतर तसंच राहतं. पण एखाद्या दाताला लॉक लावायचं राहिलं की तो दात वेगळा पडतो, वर बाजूवर थरथरीच्या रेघा उमटतात.

आणखी एक प्रकार असतो, आणि त्याला लोक इंडेक्सिंगची चूक समजतात. एका बाजूचे दात खोल, समोरच्या बाजूचे उथळ, आणि मधे हळूहळू बदल. शेवटचा दात अगदी ठीक. हा रनआउट आहे, म्हणजे जॉब मध्य सोडून फिरतोय. ब्लँकचा बोअर एका सेटिंगमध्ये आणि बाहेरचा व्यास दुसऱ्या सेटिंगमध्ये काढला की असं होतं. हेडवर बसवल्यानंतर, लेथवर नव्हे, ब्लँकच्या बाहेरच्या अंगावर डायल फिरवा. काटा ०.०३ मिमीच्या आत राहिला तर साध्या कामाला चालवून घ्या. जास्त असेल तर बाहेरचा व्यास त्याच मँड्रेलवर पुन्हा टर्न करणं हा खरा उपाय. मँड्रेलच वाकडा असेल तर मात्र गिअर दिसायला नीट, पण शाफ्टवर बसवला की फेऱ्याफेऱ्याला घुर्र आवाज करणारा.

आणि दात टोकाला बरोबर पण एका कडेला खोल, दुसऱ्या कडेला उथळ असतील तर टेलस्टॉकची उंची बघा. त्याचा इंडेक्सिंगशी संबंध नाही.

आता प्लेटचा हिशेब. समजा प्लेटमधलं एक भोक ०.१ मिमी बाजूला आहे आणि वर्तुळाची त्रिज्या ६० मिमी आहे. हँडलवर ती चूक कोनाच्या पावणेसहा मिनिटांची. पण मधे ४० ला १ चं वर्म आहे, म्हणून स्पिंडलवर ती चाळीस भागिले होऊन साडेआठ सेकंदांच्या आसपास उरते. १०० मिमी व्यासाच्या गिअरवर दोन मायक्रॉन. तुमच्या मिलिंगवर दोन मायक्रॉन मोजायलाही साधन नसेल. याच कारणाने हाताने मार्क करून ड्रिल केलेली प्लेटही साध्या गिअरला चालते. पावसाळ्यात भोकांत गंज धरतो, वर्षभर भोकांत बारीक बुरादा आणि ग्रीस जमतं, आणि पिन पूर्ण आत जात नाही. तो दोष खरा आहे, पण तो ब्रशने आणि रॉकेलने जातो, नवी प्लेट घ्यावी लागत नाही. वर्म व्हीलची चूक मात्र भागली जात नाही, ती जशीच्या तशी जॉबवर येते. संशय असेल तर एका गोल जॉबवर सपाट फेस काढा, बरोबर २० फेरे फिरवून समोरचा फेस काढा, आणि दोन्ही कडांना मायक्रोमीटर लावा. २० मिमी रुंद फेसवर ०.००६ मिमी फरक म्हणजे एक मिनिट चूक. हेड विकत घेताना हा एवढा टेस्ट करून घेतला तर नागदेवीतल्या दुकानदाराशी भाव करायलाही बरं पडतं.

२७ सारख्या आकड्याचं इथवर झालं. आता १२७ चं सांगतो, कारण मुंबईत तो वरचेवर येतो. जुने इंची लीडस्क्रूचे लेथ अजून कितीतरी गाळ्यांत चालू आहेत, आणि त्यांच्यावर मिमीचे आटे काढायला १२७ दातांचा चेंज गिअर लागतो (२५.४ गुणिले ५ बरोबर १२७). १२७ मूळ संख्या आहे आणि तीन प्लेटच्या कुठल्याच वर्तुळात ती बसत नाही. मग डिफरन्शियल. जवळचा सोपा आकडा १२० धरायचा: ४० भागिले १२०, म्हणजे एक तृतीयांश फेरा, २७ च्या वर्तुळात ९ भोकं. १२७ वेळा असं केलं तर ४२ आणि एक तृतीयांश फेरे होतात, पाहिजेत ४०. जास्तीचे दोन आणि एक तृतीयांश फेरे प्लेटने उलट दिशेने फिरून खायचे. म्हणून स्पिंडलवर ५६ चा गिअर, वर्मकडच्या शाफ्टवर २४ चा, आणि मागची लॉक-पिन काढलेली.

इथे रेघांची फेरी टाळायची नाही, कारण आलेला आकडा स्वतःच चूक सांगतो. पहिल्या रेघेवर परत येताना तुमची मोजणी १२७ झाली तर छान. १२० झाली तर गिअर लागलेलेच नाहीत: प्लेट फिरत नाहीये, कुठेतरी चावी सुटली आहे किंवा लॉक-पिन तशीच आत आहे. बरोबर ११३ वर मिटलं तर प्लेट हँडलच्याच दिशेने फिरतेय. उलट फिरायच्या ऐवजी सरळ फिरली, म्हणून हँडलला प्लेटच्या हिशेबात फक्त ३७ आणि दोन तृतीयांश फेरे मारावे लागले, त्याचे तीनपट ११३. मधला आयडलर (दिशा बदलणारा गिअर) एक वाढवा किंवा एक कमी करा. पुस्तकात किती आयडलर लिहिलेत ते प्रत्येक मेकच्या हेडला लागू पडेलच असं नाही, डोळ्यांनी प्लेटची दिशा बघणं जास्त खात्रीचं. आणि फेरी कुठल्याच पूर्ण आकड्यावर मिटत नसेल, १२१ च्या थोडं पुढे जाऊन रेघ दोन रेघांच्या मधे पडत असेल, तर ५६ आणि २४ ची अदलाबदल झाली आहे.

याच पद्धतीने ५७ दात: ६० धरायचे, १८ च्या वर्तुळात १२ भोकं, गिअर ४८ आणि २४, आणि या वेळी प्लेट हँडलच्याच दिशेने. हेलिकल (तिरक्या दातांचा) गिअर असेल तर डिफरन्शियल विसरा. गिअरची तीच जागा टेबलाच्या लीडस्क्रूला जोडायला लागते.

कंपाउंड इंडेक्सिंगबद्दल लोक विचारतात. ६९ दात २३ च्या वर्तुळात २१ भोकं पुढे आणि ३३ च्या वर्तुळात ११ भोकं मागे अशाने होतात, गणित सुंदर आहे. पण दर दाताला दोन हालचाली, त्यातली एक मागे, म्हणजे बॅकलॅशला आमंत्रण. चेंज गिअर हाताशी असतील तर मी कोणाला हे करायला सांगत नाही.

शेवटी एक साधी तपासणी, जी खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवी: हेड खरोखर ४० चं आहे का? स्पिंडलवर खूण करा आणि एक पूर्ण फेरा होईपर्यंत हँडल मोजत फिरवा. काही हेड ६० ची असतात, आणि रोटरी टेबल तर बहुधा ९०, ७२ किंवा १२० ची. ९० च्या टेबलावर एका फेऱ्याला ४ अंश. त्याच्यावर ४० भागिले एन लावलं तर पहिल्या चार-पाच भागांतच गडबड दिसते, पण रोटरी टेबल दुसऱ्या गाळ्यातून उधार आणलेलं असलं की कोणी हँडल मोजत बसत नाही.

दातांची जाडी शेवटी पडताळायची असेल तर डिस्क मायक्रोमीटरने चार दातांवरचं माप घ्या. २ मॉड्यूल, २७ दात, २० अंशांचा प्रेशर अँगल असेल तर ते २१.४२ मिमी आणि त्यातून बॅकलॅशची वजावट. गोलभर फिरवून घ्या, एकाच जागी नको. सगळीकडे सारखंच जास्त आलं तर खोली कमी पडली आहे, कट थोडा आणखी द्या. सगळीकडे सारखं असूनही दाताचा आकारच विचित्र वाटला तर कटरचा नंबर बघा. डीपीच्या (इंची मापाच्या) सेटमध्ये १ नंबर १३५ दात आणि पुढे, ८ नंबर १२ आणि १३ दात. मॉड्यूलच्या सेटमध्ये क्रम बहुधा उलटा असतो. २७ दातांना २६ ते ३४ चा कटर लागतो, म्हणजे डीपीच्या सेटात ४ नंबर आणि मॉड्यूलच्या सेटात ५. नंबरावर न जाता कटरच्या अंगावर कोरलेली दातांची रेंज वाचा.